मदरबोर्डच्या वाढीव किमतीत आपण काय विकत घेतो?

मदरबोर्ड किती महागले हे मोजायचं माप कंपन्यांनीच आपल्या हाती दिलं आहे. त्या दर पिढीत तीच नावं पुन्हा वापरतात. नाव तेच, म्हणजे गिऱ्हाईकही तेच, असा त्याचा अर्थ. एमएसआयचा ‘टोमाहॉक’ हा मधल्या खिशाचा बोर्ड. २०१७ साली रायझन प्रोसेसर आले तेव्हा बी३५० चिपसेटचा टोमाहॉक अमेरिकेत ११० डॉलरच्या आसपास मिळत होता. २०१८चा बी४५० टोमाहॉकही ११५च्या आसपासच राहिला. २०२०च्या बी५५० टोमाहॉकने १८० डॉलर गाठले आणि २०२२च्या बी६५०ने साधारण २२०. पाच वर्षांत दुप्पट. असूसचा ‘मॅक्सिमस हीरो’ वरच्या वर्गातला. २०१५ साली त्याची झेड१७० आवृत्ती २३० डॉलरच्या आसपास होती, २०२१ची झेड६९० आवृत्ती ६०० डॉलरची, आणि २०२४ची झेड८९० आवृत्ती ७०० डॉलरच्या घरात गेली.

महागाई सगळीकडेच झाली, हे खरं. पण अमेरिकेतल्या ग्राहक किमतींच्या निर्देशांकाने पाहिलं तर २०१५चे २३० डॉलर म्हणजे २०२४चे साधारण ३०५ डॉलर. उरलेले जवळपास चारशे डॉलर सर्वसाधारण महागाईच्या खात्यावर टाकता येत नाहीत. आपल्याकडे त्यात रुपयाची भर पडते. २०१७च्या मध्यावर डॉलर ६५ रुपयांच्या आत होता, २०२२च्या ऑक्टोबरात ८२ रुपये, आणि २०२५च्या डिसेंबरात त्याने ९० रुपयांची पातळी ओलांडली. म्हणजे कर न धरता तोच टोमाहॉक सात हजारांवरून अठरा हजारांवर गेला. डॉलरमध्ये दुप्पट झालेली वस्तू रुपयांत अडीचपट झाली. वर १८ टक्के जीएसटी आहेच.

या वाढीचं जास्त नवल वाटतं ते बोर्डाचा इतिहास पाहिल्यावर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मदरबोर्डावर कामं जास्त होती. मेमरीचं नियंत्रण नॉर्थब्रिज नावाच्या वेगळ्या चिपकडे असे आणि तिची गुणवत्ता बोर्डागणिक बदले. त्यामुळे एकाच प्रोसेसरला दोन बोर्डांवर वेगवेगळा वेग मिळत असे, आणि महाग बोर्ड घेण्यात खरोखर अर्थ होता. २००३ साली एएमडीने ॲथलॉन ६४मध्ये मेमरी नियंत्रक प्रोसेसरच्या आत नेला. इंटेलने तेच २००८ साली नेहेलममध्ये केलं आणि पुढच्याच वर्षी ग्राफिक्स कार्डाच्या मार्गिकाही प्रोसेसरमध्ये गेल्या. नॉर्थब्रिज नाहीसा झाला. बोर्डाकडे उरलं ते वीज पुरवणं, तारा जोडणं आणि यूएसबी, नेटवर्क, आवाज यांसारखी किरकोळ कामं सांभाळणं. वेग ठरवण्यातला बोर्डाचा वाटा घटत गेला आणि किंमत मात्र वाढत गेली. हे कसं, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्यात खऱ्या खर्चाचा भाग आहे आणि बाजाराच्या रचनेचाही.

खर्चाचा भाग आधी पाहू, कारण तो पूर्ण खरा आहे आणि चिडलेलं गिऱ्हाईक तो बहुतेक वेळा नाकारतं. पीसीआय एक्सप्रेसची प्रत्येक पिढी आधीच्या दुप्पट वेगाने चालते : तिसरी ८, चौथी १६, पाचवी ३२ गिगाट्रान्सफर. वेग वाढला की तांब्याच्या रेघांमधून जाणारा संकेत लवकर क्षीण होतो. ज्या सर्वसाधारण फायबरग्लास पत्र्यावर बोर्ड छापले जात, तो पाचव्या पिढीसाठी लांब अंतराला पुरत नाही. कमी क्षय होणारा महाग पत्रा वापरावा लागतो, किंवा वाटेत संकेत पुन्हा सशक्त करणाऱ्या चिपा बसवाव्या लागतात, किंवा दोन्ही. बोर्डातले थर वाढवावे लागतात. पूर्वी मधल्या बोर्डांना चार थर पुरत. आता सहा ही साधी गोष्ट झाली आहे आणि वरच्या बोर्डांत आठ किंवा त्याहून जास्त. डीडीआर५ मेमरीच्या रेघाही तितक्याच नाजूक. एकही थर दिसत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचा पैसा कुठे गेला हे कळत नाही.

दुसरा खरा खर्च विजेचा. २०११चा आय७-२६००के ९५ वॅटचा होता आणि २०१७चा आय७-७७००के ९१ वॅटचा. मग एएमडीने गाभे वाढवले, इंटेलनेही वाढवले, आणि स्पर्धेत वेगाचा शेवटचा थेंब पिळताना वीज बेसुमार वाढली. २०२१च्या आय९-१२९००केची कमाल मर्यादा २४१ वॅट, पुढच्या १३९००केची २५३. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स सॉकेटमधून २३० वॅट ओढू शकतो. एवढी वीज एका व्होल्टच्या आसपासच्या दाबाने पुरवायची म्हणजे दीडशे-दोनशे ॲम्पियर प्रवाह. त्यासाठी प्रोसेसरभोवती वीजनियंत्रणाचे टप्पे वाढले, प्रत्येक टप्प्याची चिप महागली, वर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे आले. २०२२मध्ये बी६६० चिपसेटचे काही स्वस्त बोर्ड परीक्षकांनी तपासले, तेव्हा मोठा प्रोसेसर लावल्यावर वीजविभाग तापून वेग निम्म्याच्या दिशेने घसरत होता. तेव्हा वीजविभागावरचा खर्च दिखाऊ नाही.

पण कोणासाठी, हा प्रश्न उरतो. २५० वॅटचे प्रोसेसर घेणारे थोडे. बहुसंख्य लोक ६५ वॅटचा प्रोसेसर लावतात. हिशेब, लेखन, शिक्षण, थोडे खेळ, थोडं व्हिडिओचं काम. त्यांना सहा थर आणि सोळा टप्पे नको असतात. तरीही मधल्या वर्गाचा बोर्ड वरच्या प्रोसेसरचा भार पेलेल असा बनवला जातो, कारण परीक्षणात तो मोठ्या प्रोसेसरनेच तपासला जाणार हे कंपनीला ठाऊक असतं. परीक्षणात नापास झालेला बोर्ड विकला जात नाही. अशा रीतीने थोड्यांच्या गरजेचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला.

त्याहून मोठी उधळपट्टी भविष्याच्या नावाखाली झाली. इंटेलचा झेड६९० चिपसेट नोव्हेंबर २०२१मध्ये आला आणि त्याबरोबर ग्राफिक्स कार्डासाठी पाचव्या पिढीचा स्लॉट आला. त्या पिढीचं कार्ड कुठे होतं? पुढच्या वर्षी आलेलं आरटीएक्स ४०९० चौथ्याच पिढीचं होतं. घरगुती गिऱ्हाइकासाठी पाचव्या पिढीचं कार्ड जानेवारी २०२५मध्ये आरटीएक्स ५०९०च्या रूपाने आलं, आणि तेही चौथ्या पिढीच्या स्लॉटात लावलं तर वेगात एखाद्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो. तीन वर्षांहून जास्त काळ लोकांनी अशा स्लॉटासाठी पैसे मोजले, ज्यात बसवायला बाजारात काहीच नव्हतं. आणि बसवायला आलं तेव्हा त्या बोर्डांची सॉकेटच जुनी झाली होती. भविष्यासाठी म्हणून घेतलेली सोय भविष्य येण्याआधी कालबाह्य होणं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत दुःखद नुकसान वाटतं, कारण ते विचारपूर्वक खरेदी करणाऱ्या माणसाचं नुकसान आहे.

नावांचा घोळही किमतीशी जोडलेला आहे. सप्टेंबर २०२२मध्ये एएमडीने एएम५ सॉकेट आणली. एक्स६७० चिपसेट म्हणजे एकाच प्रकारच्या दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या. बी६५० म्हणजे त्यातली एक. हे समजण्यासारखं होतं : दुप्पट जोडण्या, जास्त पैसे. दोन वर्षांनी एक्स८७० आला तेव्हा त्यात एकच चिप होती, बी६५०मधलीच. भर पडली ती यूएसबी४ सक्तीची झाल्याची, आणि त्यासाठी बोर्डावर वेगळी चिप बसली. दोन चिपांचा बोर्ड हवा असेल तर एक्स८७०ई घ्यायचा. ‘एक्स’ अक्षर पाहून जुन्या सवयीने पैसे मोजणाऱ्याला जोडण्या कमी मिळाल्या. शिवाय यूएसबी४ची चिप प्रोसेसरच्या चार मार्गिका घेते. त्यामुळे यातल्या अनेक बोर्डांवर दुसरी वेगवान एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा मार्गिकांच्या आठ होतात. ही गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. ती पुस्तिकेच्या आतल्या तक्त्यात बारीक अक्षरांत असते. खालच्या टोकाला बी८४० आला. नाव ‘बी’चं, पण प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची मुभा नाही, जी बी६५०मध्ये होती.

आता बाजाराची रचना. ॲबिट, डीएफआय, ईपॉक्स, सॉल्टेक, चेनटेक ही नावं आठवणारे वाचक नक्की असतील. ॲबिटने २००८च्या अखेरीस बोर्ड बनवणं थांबवलं. खुद्द इंटेल स्वतःचे डेस्कटॉप बोर्ड विकत असे. साधे, टिकाऊ, कार्यालयांचे आवडते. जानेवारी २०१३मध्ये इंटेलने त्या व्यवसायातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. आज दुकानात जे दिसतं ते मुख्यतः असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक या चार तैवानी कंपन्यांचं, आणि त्यातली एएसरॉकही २००२ साली असूसमधूनच निघालेली. चिपसेटची गोष्ट आणखी बिकट आहे. एकेकाळी व्हीआयए, एसआयएस, एनव्हिडिया अशा तिसऱ्या कंपन्या इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठी चिपसेट बनवत. एनव्हिडियाच्या एनफोर्स२ने तर ॲथलॉनच्या काळात सगळ्यांना मागे टाकलं होतं. नॉर्थब्रिज प्रोसेसरमध्ये गेल्यावर त्यांच्यासाठी जागाच उरली नाही, आणि उरलेली इंटेल-एनव्हिडिया परवान्याच्या वादात गेली. आता इंटेलच्या प्रोसेसरला इंटेलचाच चिपसेट आणि एएमडीच्या प्रोसेसरला एएमडीचाच. कोणत्या बोर्डात काय चालू आणि काय बंद ठेवायचं, हे तो एकच विक्रेता ठरवतो. २०१९ साली काही कंपन्यांनी जुन्या एक्स४७० बोर्डांवर बायोसमधून पीसीआय एक्सप्रेस ४ चालू करून दिलं होतं. एएमडीने पुढच्या बायोसमध्ये ते बंद करायला लावलं. संकेताच्या खात्रीचं कारण त्यामागे होतं आणि ते खोटंही नव्हतं, पण निर्णय कोणाच्या हाती आहे हे तेव्हा उघड झालं.

करोनाच्या काळात चिपांची टंचाई, जहाजांच्या कंटेनरचं वाढलेलं भाडं, महागलेलं तांबं आणि अमेरिकेने चिनी मालावर लावलेलं शुल्क या सगळ्यांनी किमती वर नेल्या. टंचाई संपली, भाडी उतरली. बोर्डांच्या किमती त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत लोक जास्त पैसे देतात हे दिसलं होतं आणि विक्रीची संख्या घटत असताना प्रत्येक नगामागचा नफा वाढवणं, हाच मार्ग कंपन्यांना उरला होता. एएमडीने बी६५० बोर्ड १२५ डॉलरपासून मिळतील असं सांगितलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत दुकानात त्या भावाचा बोर्ड जवळपास सापडत नव्हता. २०२३च्या वसंतात ८५ डॉलरपासूनचे म्हणून ए६२० बोर्ड आले, तेव्हा कुठे तळाची पायरी परत दिसली, आणि तीही काटछाट केलेली.

जास्त पैसे दिले तर निदान निर्धास्तपणा मिळतो का? तसंही दिसत नाही. झेड६९० हीरोच्या काही नगांवर एक कपॅसिटर उलटा बसवला गेला होता आणि वीजविभागातल्या चिपा जळल्या; अमेरिकेत सुमारे १०,००० बोर्ड परत मागवले गेले. २०२३च्या एप्रिलमध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळल्याच्या तक्रारी आल्या. मेमरीचा वेगवान प्रोफाइल चालू केला की काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते, एएमडीला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ दोष इंटेलचाच होता आणि ऑगस्टमध्ये त्यावर मायक्रोकोड आला, पण चौकशीत हेही समोर आलं की अनेक बोर्ड कारखान्यातूनच इंटेलच्या वीजमर्यादा ओलांडून चालवले जात होते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा दोन टक्के जास्त वेग दाखवण्यासाठी. ज्या महागड्या वीजविभागाचे पैसे आपण सुरक्षितता म्हणून देतो, त्याचा उपयोग मर्यादा मोडण्यासाठी झाला, हे मला गंभीर वाटतं.

मग बोर्डाचं खरं मोल कशात? माझ्या मते ते तो किती वर्षं आणि किती प्रोसेसर सांभाळतो यात आहे, आणि नेमकं तेच खोक्यावर कुठे छापलेलं नसतं. एएम४ सॉकेटचा इतिहास याचा उत्तम पुरावा. २०१७ साली ११० डॉलरचा बी३५० बोर्ड घेतलेल्या माणसाने चार गाभ्यांचा पहिला रायझन लावला असेल, तर त्याच बोर्डात २०२२चा ५८००एक्स३डी लावून तो नव्या यंत्रांच्या तोडीचे खेळ खेळू शकला. इंटेलच्या बाजूला त्याच २०१७ सालच्या जानेवारीत झेड२७० बोर्ड घेतलेल्याला ऑक्टोबरमध्ये आलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर लावता आला नाही. सॉकेटचा आकार तोच होता, तरी झेड३७० लागत होता. पहिल्या बोर्डाचा वर्षाचा खर्च काढा आणि दुसऱ्याचा काढा; किमतीच्या पट्टीवर दोघे शेजारी असूनही मोलात त्यांची तुलना होत नाही.

पण एएम४चं हे दीर्घायुष्य सहज मिळालेलं नव्हतं. बहुतेक जुन्या बोर्डांवर बायोस साठवायची चिप १६ मेगाबाइटची होती. प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठीची माहिती त्यात भरताना जागा संपली. काही ठिकाणी जुन्या प्रोसेसरचा आधार काढावा लागला, काही ठिकाणी बायोसची देखणी चित्रं काढून साधी अक्षरं ठेवावी लागली. २०१९मध्ये एमएसआयने ३२ मेगाबाइटची चिप घालून तेच बोर्ड ‘मॅक्स’ नावाने पुन्हा आणले. मे २०२०मध्ये एएमडीने हेच कारण पुढे करून बी४५० आणि एक्स४७०वर रायझन ५००० चालणार नाही असं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी इतका आवाज उठवला की महिना संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला. काही रुपयांच्या फरकाची एक मेमरी चिप कोट्यवधी बोर्डांचं आयुष्य ठरवत होती. रोषणाईच्या दिव्यांवर आणि चिलखतासारख्या झाकणांवर खर्च होत असताना इथे काटकसर झाली. आता एएम५ सॉकेटला २०२७पर्यंत आणि पुढेही आधार देऊ, असं एएमडीने म्हटलं आहे. तो शब्द पाळला गेला तर बी६५०चे वाढीव पैसे बऱ्याच अंशी वसूल होतील.

आपल्याकडे या महागाईचा चटका वरच्या टोकाला बसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पन्नास हजारांचा बोर्ड घेणारा माणूस साठ हजारांचाही घेतो. चटका बसतो तो विद्यार्थ्याला, छोट्या झेरॉक्स-डीटीपीवाल्याला, तालुक्याच्या गावी संगणक वर्ग चालवणाऱ्याला. त्यांच्यासाठी असेंबल संगणकाचा अर्थच हा होता की तयार यंत्रापेक्षा स्वस्तात पडतं आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. तळाचा बोर्ड त्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर ते एच६१ चिपसेटच्या, अनोळखी नावांनी विकल्या जाणाऱ्या बोर्डांकडे वळले. मूळ चिपसेट २०११चा, त्यावर जुन्या कार्यालयांतून काढलेला दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. अशी यंत्रं आजही नवी म्हणून विकली जातात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच्याच इंटेल प्रोसेसरवर चालतं. म्हणजे स्वस्त बोर्ड म्हणून घेतलेली वस्तू घेतानाच सुरक्षा-अद्यतनांच्या बाहेर असते. लिनक्स हा चांगला मार्ग आहे आणि मी तो सुचवतोही, पण लेखा-सॉफ्टवेअर आणि जुन्या मराठी फॉन्टांवर पोट असलेल्यांना तो झेपत नाही. अशांसाठी नामांकित कंपनीचं वापरलेलं कार्यालयीन यंत्र, आठव्या पिढीचं किंवा नंतरचं, त्या नव्या-जुन्या बोर्डापेक्षा केव्हाही बरं.

२०२५च्या अखेरीस सगळा हिशेब पुन्हा बदलला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी कारखान्यांची क्षमता ओढून घेतली आणि डीडीआर५चे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशियल नावाने होणारी किरकोळ विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५वर आणि इंटेलच्या सध्याच्या एलजीए१८५१ सॉकेटवर डीडीआर५शिवाय पर्याय नाही, त्यामुळे नव्या बोर्डाची खरी किंमत त्याच्या मेमरीसकट धरावी लागते. बोर्डात दोन हजार वाचवून मेमरीत दहा हजार जास्त जात असतील, तर बोर्डांची आपापसातली तुलना करण्यात वेळ घालवू नये.

ज्यांना आत्ताच नवं यंत्र जोडायचं आहे त्यांनी ६५ वॅटच्या प्रोसेसरबरोबर साधा बी६५० किंवा बी८५० घ्यावा. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का, हे पाहावं, कारण पुढचा प्रोसेसर घेताना तेच कामाला येतं. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डाच्या मार्गिका वाटून घेतल्या आहेत का, हे पुस्तिकेतल्या तक्त्यात तपासावं. पाचव्या पिढीच्या ग्राफिक्स स्लॉटासाठी जादा पैसे देऊ नयेत. ज्यांच्याकडे बी४५० किंवा बी५५० बोर्ड आणि डीडीआर४ मेमरी आहे, त्यांनी सध्या बोर्ड बदलूच नये. रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स घेऊन त्यांची आणखी काही वर्षं निघतील. मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरची प्रोसेसरची यादी आधी पाहावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्यावा. तो आधी काढला आणि बोर्डाला फ्लॅशबॅक नसेल, तर नवा प्रोसेसर लावूनही यंत्र सुरू होत नाही आणि बायोस टाकण्यासाठी दुकानात चक्कर मारावी लागते.